काठावरची मास्तरीण



गेल्या महिन्यात आमची भाची चार वर्षांनी घरी आली. ती अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका इस्पितळात परिचारिका आहे. ती आल्याची बातमी चाळीत पसरली आणि संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत बायकांची दाटी झाली. कोणी पगार विचारला, कोणी जेवणाखाण्याचे विचारले. बोलता बोलता ती म्हणाली, "ड्यूटी संपली की आठवड्यातून तीन दिवस मी बायकांना पाण्यात नाच शिकवते."

शेजारच्या मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. या मावशींनी तीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी केली. आता जिना उतरताना त्यांना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, पाण्यात कुठं नाचतात व्हय? आन् त्याचे लोक पैसे देतात?"

भाची म्हणाली, "देतात, मावशी. आणि नाचायला येतात त्या तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखेच गुडघे झिजलेल्या."

हसणे थांबले. मग रात्री उशिरापर्यंत जे बोलणे झाले, ते आमच्या वाचक भगिनींपर्यंत पोहोचावे म्हणून या आठवड्याचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. पोहण्याच्या तलावात कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहायचे आणि संगीताच्या तालावर हातपाय हलवायचे. पोहता येण्याची गरज नाही. पाय तळाला टेकलेले असतात, डोके पाण्याच्या वर असते. वर्ग पाऊण तास ते एक तास चालतो. शिकविणारी बाई बहुधा पाण्यात नसते. ती काठावरच्या फरशीवर उभी राहून नाच करून दाखविते. या प्रकाराचे एक प्रसिद्ध नाव 'अॅक्वा झुम्बा' असे आहे.

झुम्बाचा उगम दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातला. तेथील काली शहरात आल्बेर्तो पेरेस नावाचा तरुण व्यायामाचे वर्ग घेत असे. लोक त्याला बेतो म्हणतात. तो सांगतो की, एके दिवशी व्यायामाच्या संगीताची नेहमीची कॅसेट तो घरी विसरला. पिशवीत होत्या त्या त्याच्या स्वतःच्या आवडीच्या, साल्सा आणि मेरेंगे या नाचांच्या कॅसेट. त्याच लावून त्याने वर्ग घेतला आणि लोकांना तो फार आवडला. पुढे तो फ्लोरिडातील मायामी शहरी गेला आणि २००१ साली दोन भागीदारांसह त्याने कंपनी काढली. पाण्यातला झुम्बा ही तिचीच पुढची शाखा. पाण्यातील व्यायाम मात्र त्याहून जुना आहे. असा व्यायाम शिकविणाऱ्यांना तयार करणारी एक संघटना अमेरिकेत १९८६ पासून काम करीत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साल्सा, मेरेंगे, कुंबिया हे नाच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मले नाहीत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या ढोलाचा ठोका त्यांच्यात आहे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता पाण्याचा गुण पाहू. विहिरीत बुडालेली भरली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते, हे आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवायला नको. शरीराचेही तसेच आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर पायांवर साधारण निम्मेच वजन येते. छातीइतक्या पाण्यात ते तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते आणि गळ्याइतक्या पाण्यात सुमारे दहावा हिस्सा उरतो. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यांना कमरेइतक्या पाण्यात तीस किलोच सोसावे लागतात आणि छातीइतक्या पाण्यात पंधरा ते वीस. जी बाई जमिनीवर एक उडी मारू शकत नाही, ती पाण्यात दहा उड्या मारते.

परंतु पाणी जसे हलके करते, तसेच ते अडवतेही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. हात हलविला की ते विरोध करते. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. म्हणून लोखंडी वजने न उचलताही स्नायूंना काम मिळते. तळहात पसरून पाणी ढकलले तर काम जड होते, तोच तळहात सुरीसारखा आडवा फिरविला तर हलके होते. त्यामुळे एकाच वर्गात वीस वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आजी शेजारीशेजारी उभ्या राहून आपापल्या ताकदीप्रमाणे व्यायाम करू शकतात.

हे सारे भाचीने पुस्तकात वाचले होते, प्रशिक्षणही घेतले होते. तरी तिचा पहिला वर्ग फसला. ती स्वतःच ते सांगते.

त्या दिवशी तिने जलद संगीत लावले आणि काठावर जीव तोडून नाचली. दहा मिनिटांत पाण्यातल्या बायका गोंधळून गेल्या. कोणाचा डावा पाय पुढे, कोणाचा उजवा. दोघीतिघी थकून भिंतीला टेकल्या. तिला वाटले, म्हाताऱ्या बायका आहेत, यांना जमत नाही. वर्ग संपल्यावर जुन्या शिक्षिकेने तिला पाण्यात उतरायला सांगितले आणि स्वतः काठावर उभी राहून तिचाच नाच तिला करून दाखविला. भाचीला एकही पाऊल वेळेवर टाकता येईना. काठावरचा पाय हवेतून जातो, पाण्यातला पाय पाण्यातून जातो. कोरड्या फरशीवर जे एका ठोक्यात होते, त्याला पाण्यात दोन ठोके लागतात.

भाची म्हणाली, "मामा, त्या दिवशी मला कळलं की चूक त्यांची नव्हती. मी कोरड्यात उभी राहून त्यांना ओल्यात पळवत होते."

तेव्हापासून ती काठावर असली तरी पाण्याच्या गतीने नाचते. मिनिटाला सव्वाशे ते दीडशे ठोक्यांचे संगीत लावते आणि दोन ठोक्यांना एक पाऊल टाकते. पाय मुद्दाम संथ उचलते, जणू तिच्याही मांडीभोवती पाणी आहे. दिसायला सोपे, पण करायला कठीण. संगीत पुढे ओढत असते, शरीराला धावायचे असते आणि तरीही स्वतःला आवरून धरावे लागते.

दुसरा धडा तिला एका पंच्याहत्तरीच्या कृष्णवर्णीय बाईने दिला. ही बाई तीन वर्ग नुसती बाकावर बसून राहिली. पोहण्याचा पोशाख घालून येई, टॉवेल अंगाभोवती गुंडाळी आणि पाण्याकडे पाहत बसे. संगीत लागले की तिचे खांदे अचूक तालात हलत. वर्गातील कोणाहीपेक्षा ताल तिच्या अंगात जास्त होता. पण ती पाण्यात उतरेना. चौथ्या दिवशी भाची तिच्याजवळ जाऊन बसली आणि विचारले, "आजी, पाण्याची भीती वाटते का?"

ती म्हणाली, "भीती पाण्याची नाही गं, बाळ. मी लहान होते तेव्हा आमच्या गावचा तलाव गोऱ्यांचा होता. आम्ही जाळीच्या बाहेरून पाहायचो. माझ्या आईला पोहता येत नव्हते, म्हणून तिने मला कधी पाण्याजवळ जाऊ दिले नाही. मी माझ्या मुलींना जाऊ दिले नाही."

भगिनींनो, हा एका बाईचा प्रश्न नाही. ज्या मायामीत झुम्बाची कंपनी निघाली, त्याच मायामीच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर ९ मे १९४५ रोजी काही कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष मुद्दाम समुद्रात उतरले. अटक झाली तर होऊ द्या, असे ठरवून उतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना व्हर्जिनिया की येथे किनारा मिळाला, पण तोही वेगळा. १९६१ साली फ्लोरिडातीलच फोर्ट लॉडरडेल येथे असे पाण्यात उतरण्याचे सत्याग्रह झाले. १८ जून १९६४ रोजी सेंट ऑगस्टीन गावात कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते मिळून एका हॉटेलच्या तलावात उतरले, तेव्हा हॉटेल चालविणाऱ्याने तलावात अॅसिड ओतले. ते छायाचित्र जगभर गेले. पुढे दोनच आठवड्यांत, २ जुलै १९६४ रोजी, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. तरीही मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने सर्वांना तलावात येऊ देण्यापेक्षा तलाव बंद करणे पसंत केले आणि १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेही चालवून घेतले.

ज्यांच्या पूर्वजांनी जगाला हा ताल दिला, त्यांनाच पाण्याबाहेर ठेवले गेले. बंदी कायद्याने उठली, पण तिचा परिणाम अंगात राहिला. आईला पोहता येत नाही म्हणून मुलीला येत नाही, मुलीला येत नाही म्हणून नातीला येत नाही. आजही अमेरिकेत बुडून मरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, त्याचे एक मूळ येथे आहे.

हे ऐकताना आमच्या खोलीत कोणी बोलेना. २० मार्च १९२७ ही तारीख आमच्या घरांत कोणाला सांगावी लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते मायामीच्या सत्याग्रहाच्या अठरा वर्षे आधी. पण भाचीला त्या बाकावर आठवली ती तिची आजी, म्हणजे आमची आई. लहानपणी गावच्या विहिरीपासून दूर उभी राहून, कोणी वरून घागरीत पाणी घालील का याची वाट पाहणारी. आमच्या आईला शेवटपर्यंत पाण्यात पाय सोडून बसणे आवडत नसे. आम्ही समजत होतो की तो तिचा स्वभाव आहे.

भाचीने त्या बाईला हात धरून ओढले नाही. "घाबरू नका, काही होत नाही," असेही म्हटले नाही. ती स्वतः पाण्यात उतरली आणि पायऱ्यांपाशी उभी राहिली. पहिल्या दिवशी बाई कठडा धरून दुसऱ्या पायरीवर नुसती उभी राहिली. पाणी पोटरीपर्यंत होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या वर्गाला ती तळावर उतरली आणि भिंतीला धरून दहा पावले चालली. एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने पाणी ढकलायला शिकली. दीड महिन्याने ती भिंत सोडून मधल्या रांगेत नाचत होती. भाची सांगते, "ताल मी तिला शिकवला नाही. तो तिचाच होता. मी फक्त पायऱ्यांपाशी थांबले."

आमच्या काही मुलींना पुढे हे काम करावेसे वाटेल. त्यांच्यासाठी भाचीने सांगितलेल्या गोष्टी येथे देतो.

शिकविणारीने काठावर अशा जागी उभे राहावे की सर्वांना ती पायांपासून डोक्यापर्यंत दिसेल. पाण्यातल्या बायकांना स्वतःचे पाय नीट दिसत नाहीत, त्यांचे पाय म्हणजे शिकविणारीचे पाय. बंद तलावात आवाज घुमतो, म्हणून ओरडण्यापेक्षा हाताच्या खुणा ठरवाव्यात. चार बोटे म्हणजे आणखी चार वेळा, अमुक दिशेला हात म्हणजे तिकडे वळा. ओरडून ओरडून कित्येक शिक्षिकांचा घसा कायमचा बसतो.

काठावर पाणी तोलून धरीत नाही, हे तिने विसरू नये. पाण्यातल्या बायका उड्या मारतात म्हणून तिने ओल्या फरशीवर उड्या मारल्या, तर त्यांचे गुडघे वाचतील आणि तिचे जातील. उडी हातांनी दाखवावी, टाचा उचलून दाखवावी. दोन्ही पाय उचलण्याची हालचाल खुर्चीवर बसून दाखवावी. पायांत न घसरणारे बूट असावेत. संगीताचे यंत्र बॅटरीवर चालणारे असावे, विजेची वायर पाण्याजवळ आणू नये. जीवरक्षक वेगळा असलाच पाहिजे, नाच शिकविणे आणि बुडणाऱ्यावर नजर ठेवणे ही दोन कामे एका माणसाची नाहीत. तरीही प्रथमोपचार आणि बंद पडलेले हृदय चालू करण्याचे शिक्षण तिने घ्यावेच.

पाणी साधारण अठ्ठावीस ते तीस अंश उष्णतेचे असावे. त्याहून गार असेल तर सांधे आखडतात. सुरुवात संथ चालण्याने करावी आणि शेवटही संथ करावा. पाण्यातही घाम येतो पण कळत नाही, म्हणून पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा हळू चालते, म्हणून नाडी मोजत बसण्यापेक्षा बोलून पाहावे. चार शब्द सहज बोलता आले तर श्रम बेताचे आहेत. आणि बाहेर पडताना घाई करू देऊ नये. पायऱ्या चढताना शरीराचे सारे वजन परत येते, पाय शिशाचे वाटतात, त्याच वेळी बायका पडतात.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स, उघडी जखम, ताप किंवा कातडीचा संसर्ग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गरोदर भगिनींनीही आधी विचारावे. मधुमेही भगिनींनी पायांना जखम होऊ नये म्हणून पाण्यात घालण्याचे बूट वापरावेत. हा व्यायाम म्हणजे जादू नव्हे. झिजलेला गुडघा त्याने नवा होत नाही. हाडांना बळकटी यायला वजन पेलावे लागते, म्हणून झेपेल तेवढे जमिनीवर चालणेही सोडू नये. पण सांधा हलता ठेवणे, स्नायूंत बळ आणणे, तोल सुधारणे आणि दुखणे कमी करणे हे काम पाणी चांगले करते.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले, आमचे काय? 'झुम्बा' या नावाने शिकवायचे तर कंपनीचा परवाना लागतो, त्याला पैसे पडतात. पण छातीइतक्या पाण्यात चालणे, पाणी ढकलणे, तालावर पाऊल टाकणे यावर कोणा कंपनीची मालकी नाही. आपल्या मोठ्या शहरांत महानगरपालिकांचे तलाव आहेत आणि अनेक ठिकाणी महिलांसाठी वेगळी वेळ असते. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून उतरू देत नाहीत, ते योग्यच आहे, कारण ओले कापड जड होते आणि पायांत अडकते. मात्र पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाखही मिळतो. आपल्या तलावावर कोणता चालतो ते आधी विचारावे. चारचौघींनी मिळून गेल्या तर लाज निम्मी होते. तलाव उथळ बाजूला किती खोल आहे, कठडा आणि पायऱ्या आहेत का, हेही विचारून घ्यावे. ते पाणी आपल्याही करातून भरलेले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. ही गोष्ट आमच्यासारख्या शिकलेल्यांसाठी आहे. आपल्यातले काही आज कोरड्या काठावर पोहोचले आहेत. नोकरी आहे, घर आहे, मुले इंग्रजी बोलतात. काठावरून आपण मागे राहिलेल्या भावाबहिणींकडे पाहतो आणि म्हणतो, "यांना जमत नाही, हे हळू आहेत." आमच्या भाचीनेही पहिल्या दिवशी तेच म्हटले होते. ते हळू नाहीत. त्यांच्या मांड्यांभोवती पाणी आहे. ज्याला पुढे उभे राहून शिकवायचे आहे, त्याने आधी एकदा त्या पाण्यात उतरून पाहावे आणि मग पुन्हा काठावर आल्यावरही ती गती विसरू नये.

त्या रात्री सगळ्या पांगल्या. मावशी मात्र दारात थांबल्या. चप्पल पायात सरकवीत, भाचीकडे न पाहता त्यांनी विचारले, "आपल्या इथल्या तलावात बायांची येळ कवा असती गं?"

आम्ही दुसऱ्या दिवशी चौकशी करून आलो. मावशींसोबत आणखी पाचजणींनी नावे दिली आहेत. भाची परत जाण्यापूर्वी एक दिवस त्यांच्याबरोबर गेली. नाच वगैरे काही झाला नाही. सहाजणी कठडा धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि भाची त्यांच्यासमोर, पाण्यातच उभी होती. मावशी परत आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "गुडघं हाईत का न्हाईत, कळलंच नाही बघा."

जयभीम.